आंटीला मी शिकवलेली मराठी

आम्ही असोद्याहून भुसावळच्या रेल्वे कॉलनीत राहायला गेलो तेव्हा मी नुकतीच चौथी पास झाले होते. वडील वॅगन दुरुस्तीत फिटर होते. तीन वर्षं त्यांनी गावाहून बसने ये-जा केली, मग एकदाचं क्वार्टर मिळालं. दोन खोल्या, पुढे व्हरांडा, मागे न्हाणी आणि एक कडुनिंब. तो कडुनिंब शेजारच्या क्वार्टरचा होता, पण पाला आमच्या अंगणात टाकायचा.

पहिल्याच आठवड्यात आईने घरात फर्मान काढलं की गावची बोली गावातच ठेवून यायची. 'पानी' नाही, पाणी. 'शाया' नाही, शाळा. आमच्याकडे 'ळ' कुणी म्हणतच नसे, त्याचा 'य' व्हायचा, त्यामुळे केळ्याचं 'केयं' आणि काळ्याचं 'कायं' झालेलं असायचं. चुकलं की तो शब्द दहा वेळा म्हणायचा, तोही मोठ्याने, म्हणजे शेजाऱ्यांना कळावं की या घरात 'ळ' आहे. वडिलांना आम्ही भाऊ म्हणायचो. आता पप्पा म्हणायचं ठरलं. वडील पहिले चार दिवस पप्पा या हाकेला ओ देईनात. त्यांना वाटे, शेजारी कुणीतरी कुणाला तरी बोलावतंय.

आईने स्वतःवर तर याहून कडक पहारा बसवला होता. ती आधीच कमी बोलणारी, आता वाक्य तोंडातून काढायच्या आधी ते आत एकदा तपासून घ्यायची. त्यामुळे तिच्याशी बोलताना मध्ये थोडा वेळ थांबावं लागे. मला ते असह्य व्हायचं. शाळेत नवीन, घरात 'ळ', आणि मनात साठलेलं सगळं गावच्या बोलीत.

अशात शेजारच्या क्वार्टरमध्ये नवं जोडपं आलं. नवरा लोको शेडमध्ये होता. बायको बावीस-तेवीस वर्षांची, लांब वेणीत रोज फुलं माळणारी, आणि माणूस दिसलं की आधी हसणारी. कॉलनीने तासाभरात तिचं नाव 'मद्रासी' ठेवलं. तिने मद्रास बघितलेलंही नव्हतं. तिचं माहेर आजच्या तेलंगणातलं, सासर गुंटूरच्या बाजूचं. ती मोडक्या हिंदीत हे समजावून सांगायची आणि बायका ऐकून घेऊन म्हणायच्या, हो हो, तेच ते. आम्ही मुलं तिला आंटी म्हणू लागलो.

शेजारधर्म म्हणून आईने तिला जेवायला बोलावलं. वरण-बट्टी आणि असोद्याहून आलेल्या वांग्यांचं भरीत. आंटी पाटावर बसली, आईने बट्टी कुस्करून त्यावर वरण घातलं, वर तूप सोडलं. दोन बट्ट्या झाल्यावर आंटीने ताटावर हात धरला आणि म्हणाली, "चालु, चालु." आईला वाटलं, पोरीला आवडलंय, चालू ठेवा म्हणतेय. तिने तिसरी बट्टी वाढली. आंटी आणखी काकुळतीने म्हणाली, "चालु, अक्का, चालु!" आईने तूप वाढलं. पाहुणी इतकी मनापासून मागतेय याचं आईला कौतुकच वाटत होतं. पाचव्या बट्टीला आंटीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिखटाने आलं असं समजून आईने तिला गूळ दिला.

तेलुगूत 'चालु' म्हणजे पुरे, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी तिच्या नवऱ्याने सांगितलं. त्या रात्री ती भिंतीला टेकून बसून झोपली होती म्हणे. आई शरमेने अर्धी झाली. आंटीला मात्र या प्रकारात भलतीच गंमत वाटली. शिवाय तिला आणखी एक गोष्ट कळली होती, की इथेही मोठ्या बाईला अक्का म्हणतात. तिच्या गावाकडे अक्का म्हणजे थोरली बहीण. परक्या मुलखात एक तरी शब्द आपला निघाला म्हणून ती आईला उठता-बसता अक्का म्हणू लागली.

मग एका दुपारी तिने मला खुणेने बोलावलं आणि हिंदीत विचारलं, मला मराठी शिकवशील का? बाजारात तिला फार त्रास होत होता. मी हो म्हटलं, आणि त्याच क्षणी माझ्या डोक्यात तो विचार आला. या बाईला मराठी म्हणजे काय हे ठाऊकच नाही. मी जे शिकवीन ते मराठी.

मी तिला असोद्याची बोली शिकवायला सुरुवात केली.

आता वाटतं, त्यात निम्मा खोडसाळपणा होता आणि निम्मी माझी गरज होती. दुपारी आई झोपली की मी शेजारी जायचे, आणि तिथे मनसोक्त 'मले', 'तुले', 'अठी', 'तठी', 'कठी' बोलायचे. आंटी एका वहीत तेलुगू अक्षरांत सगळं उतरवून घ्यायची. गोल गोल अक्षरांत माझ्या आजीचे शब्द लिहिलेले बघून मला हसू फुटायचं. ती विचारायची, काय झालं? मी म्हणायचे, काही नाही, तुमचं अक्षर सुंदर आहे.

निखळ खोडसाळपणाही मी केला, तो कबूल करते. आभार मानायला काय म्हणतात, असं तिने विचारलं. आमच्या गावात आभार कुणी मानतच नसे, त्यामुळे मला खरोखर शब्द माहीत नव्हता. मी सांगितलं, बाईला 'ठेव मेले तठी' आणि पुरुषाला 'ठेव मेल्या तठी' म्हणायचं. दूधवाले आबा साकेगावच्या बाजूने सायकलवर यायचे, साठीचे, पांढऱ्या टोपीतले. आंटीने पातेलं पुढे करून, दोन्ही हात जोडून, अतिशय गोड आवाजात त्यांना म्हटलं, "ठेव मेल्या तठी." आबांनी दूध घातलं, पातेल्याकडे बघितलं, तिच्या जोडलेल्या हातांकडे बघितलं आणि सायकलवर बसले. असं आठवडाभर चाललं. पुढे आबांनी माझ्या वडिलांना सांगितलं की त्या मद्रासी पोरीच्या तोंडून ते ऐकलं की त्यांना त्यांची सासू आठवते, बरं वाटतं. वडिलांनी घरी येऊन माझ्याकडे एकदा नुसतं बघितलं. ते आईला काही बोलले नाहीत, आणि मी समजले की घरात मला एक साथीदार आहे.

सहा महिन्यांत आंटी बाजारात राणीसारखी फिरू लागली. आसपासच्या खेड्यांतून माळवं घेऊन येणाऱ्या बाया तिला बघून जागा करायच्या. त्या तिला मिरच्या जास्तीच्या घालायच्या, कोथिंबीर फुकट द्यायच्या आणि तिला बोलतं ठेवायच्या. माझी आई त्याच बाजारात, त्याच बायांकडून, तपासून घेतलेल्या शुद्ध मराठीत भाजी घ्यायची. तिला कुणी जास्तीची मिरची दिली नाही. आंटीबरोबर बाजारात जायची वेळ तिच्यावर कधी आली नाही आणि घरी आंटी तिच्याशी हिंदीतच बोलायची, कारण मी आंटीला सांगून ठेवलं होतं की आईला एकदम चकित करायचं आहे, तोवर काही कळू द्यायचं नाही.

आई चकित झाली, पण सगळ्या कॉलनीसमोर.

कॉलनीतल्या बायकांचं एक मंडळ होतं. एका मोठ्या साहेबांच्या पुण्याच्या बाई त्याच्या अध्यक्ष होत्या. स्वभावाने वाईट नव्हत्या, पण समोरच्याचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत ते दुरुस्त करायची त्यांना सवय होती. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांनी ठरवलं की परप्रांतातून आलेल्या प्रत्येकीने चार वाक्यं मराठीत बोलायची. एक बंगाली बाई उठून 'नमस्कार, धन्यवाद' म्हणून खाली बसल्या. एका पंजाबी मावशींनी पाठ केलेला श्लोक म्हटला. मग आंटी उठली. निळी रेशमी साडी, वेणीत अबोली. आम्ही दोघींनी पंधरा दिवस तयारी केली होती.

ती खणखणीत आवाजात म्हणाली, "रामराम. मी तठून लय लांबून आली. भुसावयले येऊन मले सा महिने झाले. पयले मले कोनी वयखे नाही. आता सगय्या बाया मले सांभायतात. तुम्ही बी माह्या घरी या, मी तुमाले डोसे खाऊ घालीन."

पुढे बसलेल्या बायकांनी आधी अध्यक्षबाईंकडे बघितलं. मग मागच्या सतरंजीवर बसलेल्या बायका हसल्या. त्या रेल्वेतल्या खलाशांच्या, गँगमनच्या घरच्या, वरणगाव-साकेगावकडच्या बाया, ज्या अशा कार्यक्रमात तोंड उघडत नसत. आधी तोंडाला पदर लावून हसल्या, मग पदर सोडून. आणि मग टाळ्या पडल्या, त्या थांबेचनात. अध्यक्षबाई म्हणाल्या, किती गोड, पण ही जरा ग्रामीण झाली, तुम्हाला ही कुणी शिकवली? आणि त्या उठून फराळाकडे निघाल्या. थोर बाई उठून निघाल्या की आदराने काय म्हणायचं, हेही मी आंटीला शिकवून ठेवलं होतं.

"काय व माय, कठी चालली?" आंटी अदबीने म्हणाली. "बस ना जराशीक."

मागच्या सतरंजीवरची एक बाई हसता हसता आडवी झाली. अध्यक्षबाई खरंच बसल्या. आंटीने मग आईकडे हात करून अभिमानाने सगळ्यांना सांगितलं की हे सगळं ह्या अक्काच्या पोरीने शिकवलं.

आईचं तोंड मी आजही विसरलेले नाही. ती चिडली नव्हती. तिचा रंग उतरला होता, जसं कुणी भर सभेत तिची पेटी उघडून आतले जुने कपडे बाहेर काढावेत. तिळगूळ न घेता ती उठली आणि माझा दंड धरून घरी आली. मला वाटलं, आता मार बसणार. तिने मारलं नाही. ती स्वयंपाकघरात शिरली आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासत राहिली. मग मला म्हणाली, तोंड धू, आपल्याला शेजारी माफी मागायला जायचंय.

आंटी नुकतीच घरी येऊन साडी बदलून बसली होती, अजून खुशीत होती. आईने दारातच हात जोडले आणि आतून तपासून आणलेलं वाक्य म्हटलं. माझ्या मुलीने तुम्हाला चुकीची भाषा शिकवली, सगळ्यांसमोर तुमचं हसं झालं, आम्हाला क्षमा करा. आंटीला ही शुद्ध मराठी कळेना आणि आईला हिंदी समजली तरी बोलता येत नसे, म्हणून हे सगळं हिंदीतून समजावून सांगावं लागलं, आणि ते मलाच सांगावं लागलं, ही त्यातली खरी शिक्षा.

आंटीला आधी कळेना. मग तिने विचारलं, ही भाषा कुणीच बोलत नाही का? मी खाली बघत सांगितलं की आमच्या गावात सगळे बोलतात.

"तुमची माय बी?" तिने आईला सरळ विचारलं.

आई म्हणाली, हो.

"मंग चुकीची कशी काय?"

आई दारातून आत येऊन खाली बसली. मग तिने एक गोष्ट सांगितली, जी मी तोवर ऐकली नव्हती. कॉलनीतल्या पहिल्या सकाळी ती नळावर गेली होती. रांगेतल्या बायकांना म्हणाली, मले बी भरू द्या. पुढची बाई वळून तिच्याकडे बघत तेच वाक्य पुन्हा म्हणाली, तसंच्या तसं, आणि सगळ्या हसल्या. आई रिकामी बादली घेऊन परत आली. त्याच आठवड्यात घरात 'ळ' आला.

मी हे हिंदीत सांगत होते तेव्हा आईकडे बघायचं टाळत होते. आंटी मात्र ऐकता ऐकता मान हलवायला लागली, जशी ओळखीची गोष्ट ऐकताना माणूस हलवतो. मग तिने तिची सांगितली, अर्धी हिंदीत, अर्धी माझ्या मराठीत. तिच्या माहेरची तेलुगू वेगळी, सासरची वेगळी. लग्न होऊन ती समुद्राकडच्या त्या घरात गेली, पहिल्या दिवशी काहीतरी बोलली आणि सासूने ते वाक्य नणंदांना पुन्हा म्हणून दाखवलं. त्यानंतर वर्षभर ती मोजकंच बोलली. नवऱ्याची बदली भुसावळला झाल्याचा तिला कोण आनंद झाला होता. इथे कोणाला ठाऊक, कोणती तेलुगू खरी आणि कोणती खेड्यातली? इथे ती नुसती मद्रासी होती.

"म्हनून मी अठी आला," ती म्हणाली, "आन् मले बरं वाटलं."

"'आला' नाही व," आई म्हणाली, "'आली' म्हन. बाई मानूस ना तू?"

आणि थांबली. ते वाक्य तपासणीला न थांबता थेट बाहेर पडलं होतं. आधी आंटी हसली. मग आई हसली, पदर तोंडाला न लावता, गावात विहिरीवर हसायची तशी. माझ्याकडे वळून म्हणाली, "शिकवायचं तर धड तरी शिकवायचं होतं."

त्या दिवसापासून आंटीची शिकवणी आईने हातात घेतली. माझी नेमणूक रद्द झाली. आईने आंटीला तिची वही मोठ्याने वाचायला लावली आणि माझ्या बोलीत इतक्या चुका काढल्या की मला समजेना, ही तीच आई का. 'ठेव मेल्या तठी' ऐकून तिने कपाळावर हात मारला आणि आंटीला खरा अर्थ सांगितला. आंटी दुसऱ्या दिवशी आबांची माफी मागायला गेली. आबा म्हणाले, माफी नको, तेच म्हणत जा. पुढे ती बोलत राहिली आणि ते ऐकत राहिले.

वडिलांची हाक पुन्हा भाऊ झाली. शाळेत पाणी आणि घरात पानी, हे मला जमायला लागलं. आई नळावर काय बोलायला लागली ते मला ठाऊक नाही, पण आमची बादली वेळेवर भरून यायची.

धुळ्याला माझ्या आत्याच्या मुलाचं लग्न होतं. आंटीचा नवरा आठ दिवस ट्रेनिंगला गेला होता, म्हणून आई तिला बरोबर घेऊन आली. आणि बसमध्ये आईने, माझ्या शिस्तीच्या आईने, स्वतःहून बेत काढला की मांडवात कुणी विचारलं तर आंटी ही तिची जामनेरची मावसबहीण. खोडी माझ्यात कुठून आली, ते मला त्या बसमध्ये कळलं.

आंटी सावळी, उंच, वेणीत फुलं. पण तोंड उघडलं की जळगाव जिल्ह्याची. धुळेकर बाया तिच्याकडे निरखून बघायच्या आणि तिचं बोलणं ऐकून निर्धास्त व्हायच्या. अडचण वेगळीच निघाली. धुळ्याची बोली आमच्याहून निराळी. तिथे 'आहे'ला 'शे' म्हणतात आणि सगळ्यांना 'बठ्ठा'. आंटीला वाटलं, हे लोक चुकतायत, जसं ती आधी चुकायची. नवऱ्या मुलाच्या आजीने तिला जवळ बसवून विचारलं, "तुन्हं गाव कोनतं शे?"

आंटीने आईकडून शिकलेल्या शिस्तीने सांगितलं, "'शे' नाही आजी. 'हाये' म्हना."

आजींनी तिच्या पाठीवर एक थाप मारली. मग मांडवाकडे तोंड करून ओरडल्या, "देखा रे बठ्ठा, हाई बाई माले बोलानं शिकाडी ऱ्हायनी!" आणि इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. संध्याकाळपर्यंत त्यांनी तिला दुसऱ्या कुणाजवळ बसू दिलं नाही.

बेत उघडा पडायची वेळ जेवणाच्या पंगतीत आली. जामनेरचे एक गृहस्थ समोर येऊन बसले. जामनेरची पोरगी आणि आपल्याला माहीत नाही, हे त्यांना सहन होईना. त्यांनी आंटीला विचारलं, तू कोणाची गं? आईचा घास हातात राहिला. आंटीला एवढंच कळलं की मुलगी कोणाची असं विचारतायत. तिने खरं ते सांगितलं. तेलुगूत वडिलांना नान्ना म्हणतात. ती म्हणाली, "नान्नाची."

गृहस्थांचा चेहरा उजळला. खानदेशात असं गाव नाही जिथे नाना नाहीत. जामनेरला तर बरेच असणार. "नानाची व्हय!" ते म्हणाले. "मंग सांगना आधी. नानाले मी चांगला वयखतो. तब्येत कशी त्यांची?" आंटी म्हणाली, चांगली आहे, फक्त गुडघे दुखतात. गृहस्थ म्हणाले, ते तर त्यांचं जुनंच आहे. मी पंगतीतून उठून हात धुवायच्या निमित्ताने पळाले आणि मोरीपाशी पोट धरून बसले. थोड्या वेळाने आईही आली. तिला बोलवत नव्हतं, नुसते डोळे पुसत होती.

आंटी भुसावळला सात वर्षं होती. तिची दोन्ही मुलं तिथेच झाली, आईनेच त्यांना न्हाऊ-माखू घातलं. मग नवऱ्याची बदली झाली, आणखी बदल्या झाल्या, आणि शेवटी ते गुंटूरच्या बाजूला सासरच्या घरी राहायला गेले. तिथे सासू होतीच. सुरुवातीला आंटीची पत्रं यायची, शाळेत शिकलेल्या हिंदी अक्षरांत आमची बोली. मग फोन आले. आता आठवड्यातून एकदा ती आणि आई तास-तास बोलतात. फोनवर आंटी सासूबद्दल जे काही बोलायचं ते सगळं सासूच्या शेजारी बसून, मोठ्या आवाजात, असोद्याच्या बोलीत बोलते. त्या घरात त्या भाषेचा एक शब्द कुणाला कळत नाही, नवरासुद्धा 'बस' आणि 'खा' एवढ्यावर थांबलेला. आई म्हणते, त्या पोरीचं सासर आपल्या बोलीने तारून नेलं.

माझं सासर धुळ्याचं. मी तिथे एका लॅबमध्ये रक्त तपासते. लग्न होऊन आले तेव्हा माझ्या 'भुसावय'वर नणंदा हसल्या आणि मी त्यांच्या 'शे'वर हसले, तो हिशोब तिथेच मिटला. लॅबमध्ये कोणी शिरपूरकडून येतं, कोणी साक्रीच्या पलीकडून पाड्यावरून, आणि सुई बघून प्रत्येक जण आपापल्या बोलीत आईला हाका मारतो. मी जमेल तशी त्याच्याच बोलीत उत्तर देते. चुकते, तर ते दुरुस्त करतात आणि तेवढ्यात सुई टोचून होते.

मागच्या हिवाळ्यात मी आईला घेऊन आंटीकडे गेले. आई आता पंच्याहत्तरच्या पुढची, पण पिशवीत चार किलो वांगी स्वतः धरून बसली होती, कारण तिकडच्या वांग्यांवर तिचा विश्वास नव्हता. आंटीचे केस पिकलेत. दारातच दोघींनी सुरू केलं. आम्ही पुढच्या खोलीत बसलो. कोपऱ्यातल्या खुर्चीत सासूबाई होत्या, नव्वदीला टेकलेल्या, शेलाट्या, डोळे मिटून. आंटीने बसल्या बसल्या सवयीप्रमाणे त्यांचा पाढा वाचायला घेतला. आता म्हातारीला कॉफी दिवसातून चारदा लागते, साखर डॉक्टरांनी बंद केलीय तरी चोरून खाते, रात्री विनाकारण दिवा लावते. आई हं हं करत होती.

सासूबाईंनी डोळे उघडले. समोरच्या स्टीलच्या भांड्यातली कॉफी चाखली आणि माझ्या आईकडे बघून शांतपणे म्हणाल्या, "साखर नाही ना व याच्यात."

उच्चार तेलुगू वळणाचा होता. पण 'गं'ऐवजीचा आमचा 'व' जागच्या जागी होता.

आंटीच्या हातातलं भांडं हातातच राहिलं. मग सासू-सुनेत तेलुगूत बरंच काही झालं, आणि आंटी आम्हाला तुकड्या-तुकड्याने सांगत गेली, मध्ये मध्ये कपाळाला हात लावत. म्हातारीला फार वर्षांपासून कळत होतं. फोन मोठ्या आवाजात, दुपारची वेळ, दुसरं ऐकायला काही नाही. आधी भाज्यांची नावं कळली. मग 'सासू' हा शब्द कळला, कारण तो आला की सून तिच्याकडे बघायची नाही. मग एकेक करत बाकीचं.

आंटीने तिला विचारलं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?

सासूबाई म्हणाल्या, ऐकायला बरं वाटायचं. या घरात तू तेलुगू बोलतेस ती अजून भीत भीत बोलतेस. फोनवर बोलतेस तेव्हा तुझा आवाज वेगळा असतो. पुढे म्हणाल्या, सुरुवातीला मी हसले होते, ते मला माहीत आहे.

आंटीने हे वाक्य आम्हाला सांगितलं आणि उठून आत गेली. परत आली तेव्हा तिने डोळ्यांवर पाणी मारलेलं होतं आणि हातात साखरेचा डबा होता. तिने सासूच्या कॉफीत अर्धा चमचा घातला, डॉक्टरांना न विचारता.

सासूबाईंचा एक प्रश्न राहिला होता. दर थंडीत फोनवर एक शब्द येतो आणि त्या शब्दाला सूनबाईचा आवाज एकदम मऊ होतो. भरीत म्हणजे काय? आईने तो प्रश्न भाषांतराशिवाय समजून घेतला आणि उत्तर द्यायच्या भानगडीत न पडता वांग्यांची पिशवी उचलून स्वयंपाकघरात गेली. गॅसच्या ज्योतीवर वांगी भाजताना तिने त्या गॅसला, त्या शेगडीला आणि काट्याकुट्यांच्या विस्तवाची सर नसलेल्या सगळ्या शहरांना नावं ठेवली. मी मिरच्या आणि लसूण कुटून दिला.

सासूबाईंनी भरीत भाताबरोबर खाल्लं. बराच वेळ चघळलं, विचार केला आणि निवाडा दिला की यात चिंच हवी. आईला ते कळलं. तिने मान ठामपणे हलवली. भरितात चिंच घालायची तर तिचा जीव गेला तरी घालणार नाही, असं तिने सांगितलं, आणि सासूबाईंनाही ते कळलं. दोघी एकमेकींकडे बघत बसल्या.

आंटी चिंचेच्या कोळाची वाटी पदराआड धरून सासूच्या मागे येऊन उभी राहिली. मला काहीतरी कुजबुजून सांगायला तिने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. आता कुठल्याच भाषेत कुजबुजायची सोय राहिली नव्हती. तिने मला नुसता डोळा मारला आणि आईने पाण्याचा तांब्या घ्यायला मान वळवली तेवढ्यात वाटी सासूच्या ताटात रिकामी केली.